वावरातलं सोयाबीन आणि कपाटातली विज्ञानकथा

गावच्या ग्रंथालयानं यंदा कोणती पुस्तकं घ्यावीत यावरून आमच्या वर्धा नदीकाठच्या पट्ट्यात सध्या वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, "पोराईले नोकरीचे पुस्तकं द्या न, परग्रहावरच्या गोष्टी काहाले?" दुसरी बाजू विज्ञानकथांची, अद्भुत कादंबऱ्यांची पाठराखण करते, पण कशी? "वाचनाची गोडी लागावी म्हणून असू द्या चार." याच दिवसांत एका बचत गटाच्या पाककृती स्पर्धेत 'फक्त पारंपरिक पदार्थ' अशी अट घातली गेली आणि घरच्या सोयाबीनचा टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, करून आणलेल्या मुलीचं ताट परीक्षकांनी चाखलंसुद्धा नाही. दोन्हीकडचं बोलणं एकाच वळणाचं. खेड्यातल्या माणसानं आधी गरजेचं पाहावं, नवलाईचं मग. आणि नवलाईच्या बाजूनं बोलणारेही ती गरज आहे असं म्हणायला धजावत नाहीत. तिच्यासाठी थोडी सूट तेवढी मागतात.

मला सूट नको आहे. विज्ञानकथा वाचणं आणि घरच्या चुलीवर कधी न केलेलं काही करून पाहणं ही दोन्ही कामं एकाच शक्तीची आहेत, आणि ती शक्ती विदर्भाच्या खेड्याला पुण्या-मुंबईपेक्षा जास्त लागते, असं माझं म्हणणं आहे. ही शक्ती कोणती? जगातली एक गोष्ट बदलायची, बाकीचं जसंच्या तसं ठेवायचं, आणि त्या एका बदलाचे परिणाम मध्येच न सोडता शेवटापर्यंत पाहत जायचं. चांगला विज्ञानकथाकार हेच करतो. माणूस दोनशे वर्षं जगू लागला तर? पाऊस विकत घेता आला तर? सोयाबीन थंड पाण्याऐवजी उकळत्या पाण्यात वाटलं तर त्याचा कच्चट वास जातो का, हे पाहणारी बाईही हेच करते. शहरात एखादा बदल आधी दुसरं कुणी करून पाहतं आणि मग तो दुकानात मांडला जातो. आमच्याकडे बदल पाकिटात बांधून थेट वावरात येतो, आणि त्याचा शेवट काय हे हंगाम हातचा गेल्यावर कळतं.

समोरच्या बाजूचं सर्वांत वजनदार म्हणणं आधी मान्य करते. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणारं सर्वांत खालच्या 'ड' वर्गाचं ग्रंथालय म्हणजे बहुतेक ठिकाणी एक खोली, काही कपाटं आणि तुटपुंज्या मानधनावरचा ग्रंथपाल. पैसे मोजके, त्यामुळे घेतलेलं प्रत्येक पुस्तक दुसऱ्या एखाद्या पुस्तकाची जागा अडवतं. कोरडवाहू घरातला एक मुलगा पोलीस भरतीत लागला किंवा मुलगी ग्रामसेविका झाली की त्या घराचं कर्ज, दवाखाना, धाकट्यांची शिक्षणं, सगळं मार्गी लागतं. हे मी पाहिलेलं आहे. परीक्षेच्या पुस्तकांना नावं ठेवायची माझी तयारी नाही, ती घ्यावीतच. पण सगळी तीच घ्यावीत का? 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागा होत्या आणि अर्ज 10 लाखांहून अधिक. दोनशे जणांमागे एकालाही जागा पुरत नव्हती. उरलेल्यांचं काय? ती मुलं वावरात परततील, दुकान टाकतील, बुटीबोरीच्या नाहीतर चाकणच्या कारखान्यात जातील, आणि जिथे जातील तिथे त्यांच्यापुढे कुठेच न छापलेले प्रश्न येतील. मार्गदर्शकात चार पर्याय दिलेले असतात आणि त्यांतला बरोबर कोणता हे ओळखायला शिकवलं जातं. पाचवा पर्याय सुचावा लागतो तेव्हा काय करायचं, हे शिकवणारं कपाट आपण रिकामं ठेवायला निघालो आहोत.

यापुढचा आक्षेप जास्त खोल जातो. ज्या जिल्ह्यांत शेतकरी जीव देतात तिथे जादूगार आणि अंतराळयानं वाचणं म्हणजे दुःखाकडे पाठ फिरवणं, असं काही जण मनापासून म्हणतात. यवतमाळ, अमरावती, वर्धा ही नावं ज्यांनी त्या बातम्यांत वर्षानुवर्षं वाचली त्यांचा राग मला समजतो. पण विदर्भाशी जोडलेली सर्वांत जुनी अद्भुतकथा काय सांगते? महाभारताच्या वनपर्वात, सर्वस्व हरलेला युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की माझ्याहून अभागी राजा तुम्ही पाहिला आहे का. ऋषी त्याला गोष्ट सांगतात. विदर्भाची राजकन्या दमयंती, बोलणारा हंस, नलाच्या शरीरात शिरणारा कली, दंशानं रूप पालटून टाकणारा कर्कोटक नाग. देवांच्या वरामुळे या नलाला मनात येताच अग्नी आणि पाणी मिळतं आणि त्याच्या हातच्या अन्नाची चवच वेगळी असते. रूप बदललेला नल कुंडिनपुरात येतो तेव्हा दमयंती काय करते? दासीकडून त्यानं शिजवलेलं मांस मागवते आणि चाखून पाहते. त्या चवीवरून तिची खात्री पटते. हे कुंडिनपूर म्हणजे आमच्या तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर, असं परंपरा मानते. आता या गोष्टीनं युधिष्ठिराला त्याचं संकट विसरायला लावलं का? गोष्ट संपल्यावर तो बृहदश्वांकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या, शिकून घेतो. ज्या खेळानं तो बुडाला तोच खेळ समजून घेतो. याला पळवाट म्हणायचं असेल तर अशा पळवाटा आम्हाला आणखी हव्या आहेत.

जुन्या गोष्टीवर भागत नसेल तर आजचं उदाहरण घेऊ. किम स्टॅनली रॉबिन्सन या अमेरिकन लेखकाची 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर' ही कादंबरी 2020 साली आली. तिची सुरुवात होते उत्तर प्रदेशातल्या एका गावात, उष्णतेच्या लाटेत. वीज जाते, हवा दमट असते, आणि घामानं अंग थंड होणंच थांबतं. त्या लाटेत सुमारे दोन कोटी माणसं मरतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा पारा 35 अंशांवर काही तास राहिला तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही वाचू शकत नाही, या शास्त्रीय हिशेबावर ते सगळं प्रकरण उभं आहे. आम्ही विदर्भातले लोक उन्हाला घाबरत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला यांची नावं मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत येतात आणि नागपूरनं 2013 च्या मे मध्ये 47.9 अंश पाहिले. पण आपला कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. मृगाच्या आधी हवेत ओल आली की तोच कूलर अंग चिकट करतो, जीव घाबरा करतो. आकडा 47 वरून 41 वर उतरलेला असतो आणि त्रास वाढलेला असतो. धोका पाऱ्यापेक्षा ओलीत आहे, हे मला कोणत्याही सरकारी पत्रकानं इतकं पक्कं समजावलं नव्हतं. ती कादंबरी वाचल्यापासून आमच्या घरी निंदणाच्या मजूर बायांना जूनच्या उकाड्यात दुपारची सुटी वाढवून दिली जाते. परदेशी लेखकाची, इंग्रजीतली, कल्पित गोष्ट. ती कुणाच्या उपयोगाची?

आणि आता बोंडअळी. बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेल्या बीटी कापसाला आपल्या देशात 2002 मध्ये परवानगी मिळाली. सरकीच्या पाकिटात 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी यायची. ती वावराच्या कडेनं लावायची असा नियम होता. किती जणांनी लावली? फार थोड्यांनी, कारण ती का लावायची हे कुणी पटेल असं सांगितलंच नाही. विचार करा. वावरातलं प्रत्येक बोंड अळीसाठी विष आहे. हजारो अळ्या मरतात, एखादी वाचते. वाचते कारण तिच्यात ते विष सोसण्याचा गुण आहे. तिचा पतंग कुणाशी जुळेल? साधी पऱ्हाटी, म्हणजे बीटी नसलेलं कापसाचं झाड, कुठेच नसेल तर तिच्यासारख्याच, विष सोसणाऱ्या दुसऱ्या पतंगाशी, आणि पुढची सगळी पिढी विषाला पुरून उरेल. कडेला साधी पऱ्हाटी असेल तर तिच्यावर वाढलेल्या शेकडो साध्या पतंगांशी, आणि तो गुण पातळ होत जाईल. ही अस्सल विज्ञानकथा आहे. तिच्यात काळ आहे, पिढ्या आहेत, एका छोट्या पुडीवर ठरणारं भवितव्य आहे. ती गोष्ट म्हणून गावोगाव सांगितली गेली असती तर? तसं झालं नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दुकानदारानं सांगितलेली औषधं एकत्र कालवून, माणसाच्या उंचीच्या पऱ्हाटीत, तोंडाला साधा रुमाल बांधून ते फवारत होते. आम्हाला तंत्रज्ञान कमी पडत नाही. ड्रोन आले, उद्या यंत्राच्या बुद्धीनं चालणारा सल्लागार प्रत्येकाच्या मोबाईलवर येईल. हे आलं तर पुढे काय होईल आणि कुणाचं होईल, हे विचारायची सवय कमी पडते. ती सवय लावणारं दुसरं कोणतं साहित्य आपल्याकडे आहे?

इथे विवेकवादी मित्र एक हरकत घेतात. विज्ञानकथा ठीक, पण जादूटोण्याच्या कादंबऱ्या कशाला? ज्या राज्यात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आणि जिथे अजून एखाद्या म्हातारीला करणी करते म्हणून मारलं जातं, तिथे मांत्रिकांच्या गोष्टी वाढवायच्या? ही काळजी रास्त आहे. पण चांगल्या अद्भुतकथेतली जादू आणि भोंदूबाबाची जादू यांत मूळचा फरक आहे. उर्सुला ले ग्विन यांच्या 1968 मधल्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'त जादू शिकणाऱ्या मुलाला बजावलं जातं की एका बेटावर पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटाचा दुष्काळ ठरू शकतो. तिथल्या जादूला नियम आहेत, प्रत्येक करामतीची किंमत आहे, आणि ती किंमत नायकाला पानोपानी चुकवावी लागते. बाबाच्या दरबारात किंमत विचारायची सोय असते का? ज्या मुलीनं पन्नास कादंबऱ्यांत 'या जादूचा नियम काय' हे तपासलं आहे, ती ताईत विकणाऱ्यालाही तेच विचारेल. आणि वैनगंगेचं पाणी गोसीखुर्द धरणातून थेट बुलढाण्याच्या नळगंगेपर्यंत नेण्याची योजना ऐकताना तिला ती दोन बेटं आठवतील. योजना वाईटच आहे असं मी म्हणत नाही. पश्चिम विदर्भाला पाणी हवंच आहे. पण इकडे आलं म्हणजे तिकडे काय उरलं, हा प्रश्न विचारायला कुणीतरी शिकलेलं हवं.

आता चुलीकडे येते, कारण तिथला वाद मला जास्त जवळचा आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्वारी मागे सारत सोयाबीन आमच्या वावरांत पसरलं. आज कापसाच्या जोडीनं विदर्भाचं ते मुख्य पीक आहे. त्यात साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 20 टक्के तेल. आणि ज्या घराच्या खोलीत दिवाळीला सोयाबीनची पोती छताला टेकतात, त्या घरात त्याचं काय शिजतं? बहुतेक घरांत काहीच नाही. आपण ते विकतो. त्याचं तेल बाटलीत भरून परत विकत घेतो. ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशी जाते, आणि प्रथिनं कमी पडलेली आपली लेकरं अंगणवाडीच्या तराजूवर उभी राहतात. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी मिळत होता, तेव्हा सभा झाल्या, रस्ते अडवले, आणि ते योग्यच होतं. पण पोत्यातलं पायलीभर घरात ठेवून त्याचं काय करता येईल, यावर एकही सभा झाली नाही. चाळीस वर्षं एक पीक घेऊन त्याचा एकही स्वतःचा पदार्थ न घडणं, हे माझ्या मते कल्पनेचं दारिद्र्य आहे, आणि ते पैशाच्या दारिद्र्याइतकंच घर पोखरतं.

हेच सोयाबीन घेऊन वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी प्रयोग झाले होते, हे किती जणांना माहीत आहे? 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा कामाला लागले, आणि 1935 मध्ये संघाच्या वर्ध्यातल्या मगनवाडीच्या भोजनात गांधीजींनी सोयाबीन आणलं. किती द्यायचं, कसं शिजवायचं, खाणाऱ्यांना मानवतं का, हे पाहिलं आणि 'हरिजन'मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्याआधी 1929 मध्ये त्यांनी कच्च्या अन्नाचा प्रयोग केला होता. तब्येत बिघडली, प्रयोग सोडला, आणि सोडल्याचंही 'यंग इंडिया'त छापलं. ज्या काळात वर्ध्याच्या वावरात सोयाबीन औषधालाही नव्हतं त्या काळात त्या माणसाला ते ताटात दिसलं. आज वावर भरून उभं आहे आणि आपल्याला दिसत नाही. मगनवाडीत त्या वेळी नव्या खाण्याला नाकं मुरडणारे नसतील का? असणारच. फरक इतकाच की तिथे आधी चाखून पाहायचा शिरस्ता होता.

घरी मी काय करते ते सांगते, कारण तपशिलाशिवाय हा मुद्दा हवेत राहील. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, चोळून टरफलं काढायची, वाटायचं, गंजात, म्हणजे पातेल्यात, ढवळत चांगलं उकळायचं आणि फडक्यानं गाळायचं. दूध तयार. ते थोडं निवल्यावर लिंबाचा रस घालून फाडायचं आणि वजनाखाली दाबायचं, की टोफू झाला. किलोभर सोयाबीनचा दीड-दोन किलो होतो. उकळणं टाळून चालत नाही, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन रोखणारी द्रव्यं असतात आणि ती उष्णतेनंच जातात. आणि ज्या कच्चट वासामुळे आपल्याकडे सोयाबीन नकोसं झालं, तो वास दाण्यात आधी नसतोच. दाणा फुटून त्यातला एक विकर (एन्झाइम) पाण्यात तेलाला भिडतो तेव्हा तो तयार होतो. उकळत्या पाण्यातच वाटलं तर विकर आधी निकामी होतो आणि वास जवळजवळ येतच नाही. एवढा एक बदल केला आणि आमच्या घरातली तक्रार थांबली. टोफू पाटवडीच्या रश्श्यात सोडला, वरून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, भुरभुरला, तर पाहुणे दुसऱ्यांदा मागतात. उरलेला चोथा ज्वारीच्या पिठात मिसळून थालीपीठं होतात, जवसाच्या चटणीसोबत. जावा बेटावरचं टेम्पे करणंही आपल्या हवेला जमतं. शिजवून कोरड्या केलेल्या सोयाबीनवर एक निरुपद्रवी बुरशी वाढवायची असते, तिला तिशीच्या आसपास अंश आणि दीड दिवस लागतो. यंत्रावर ऊब राखायची गरज थंड देशांना. आमच्या श्रावणातल्या खोलीचं तापमानच तेवढं असतं. मे महिन्यात मात्र हात लावू नये, बुरशी जगत नाही.

परंपरा बुडते हा आक्षेप मला कळतो आणि अर्धा पटतोही. प्रयोगाच्या नावाखाली खेड्यात जे येतं ते बहुतेक मैदा, अजिनोमोटो आणि लाल रंग असतं. लग्नात रोडगे जाऊन मंचुरियन आलं याचं मलाही वाईट वाटतं. पण ज्या परंपरेसाठी आपण भांडतो तिच्यातली भिवापुरी मिरची कुठली? मिरची, शेंगदाणा, टमाटर, आलू, यांतलं एकही मूळचं इथलं नाही. पोर्तुगीज आणि इतर युरोपीय जहाजांमुळे अमेरिका खंडातून हे सगळं आलं. मिरचीच्या आधी तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आलं. कुणीतरी पहिल्यांदा ते परकं लाल फळ पाट्यावर वाटलं असेल, आणि कुणीतरी म्हणालं असेल की हे आपलं नाही. तिचं ताटही न चाखता परत केलं असतं तर आज आपला झणझणीत रस्सा कशानं झाला असता? मंचुरियन आणि भिवापुरी मिरची यांत फरक आहे तो हा, की मिरचीला आपण आपल्या मातीत लावलं, निवडलं, आपल्या हाताला वळवलं. तयार पाकीट फोडणं हा प्रयोग नव्हे.

आणि हो, चुलीवरचा प्रयोग निरागस नसतो हेही सांगायला हवं. पूर्व विदर्भातल्या लाखोळी डाळीचं उदाहरण आहे. धानाच्या बांधीत पाणी नसताना येणारी, गरिबाला जगवणारी ही डाळ. पण दुष्काळात महिनोन्महिने तीच एक खाल्ली की पाय लुळे पडतात, हा अनुभव इतका दाहक होता की 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. त्या डाळीतलं विषारी द्रव्य भिजवून, उकळून, पाणी फेकून दिल्यानं बरंच कमी होतं, आणि जुन्या बायांच्या काही रीती नेमक्या हेच करत होत्या. म्हणजे प्रयोग आणि परंपरा यांना एकमेकींसमोर उभं करणं हेच चूक आहे. चांगली परंपरा म्हणजे कुणीतरी शेवटापर्यंत नेलेला आणि आठवणीत ठेवलेला प्रयोग.

आपल्या बाजूच्या लेखकांनाही मी सोडणार नाही. 1974 मध्ये जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली, कारण त्यांना आपल्या कीर्तीवर बक्षीस नको होतं. तिला पहिलं बक्षीस मिळालं. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ मराठीत गोष्टी लिहीत राहिला, आणि 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्षही झाला. त्यांच्या, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा वाचून आमची पिढी वाढली. पण त्या वाटेवर पुढे किती वावरं आली? मराठी विज्ञानकथेतलं संशोधन अजून बहुतेक मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेत घडतं. आमची बोली तिच्यात येते ती नोकराच्या तोंडी. पात्रं मध्येच थांबून व्याख्यान देतात. आणि जगात जे नवं लिहिलं जातंय, चीनच्या लिउ त्सिशिनपासून सलग तीन वर्षं विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळवणाऱ्या अमेरिकेच्या एन. के. जेमिसिनपर्यंत, ते तालुक्याच्या मुलीपर्यंत मराठीतून पोचत नाही. 'खेड्यात कुणी वाचत नाही' असं म्हणणाऱ्यांनी ग्रंथालयातल्या भयकथाकार नारायण धारपांच्या पुस्तकांची पानं पाहावीत. हाताळून हाताळून ती मऊ झाली आहेत, शिवण सुटली आहे. भूक आहे, वाढणारे कमी आहेत.

शेवटचा आक्षेप बायांचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त अडवतो. वाचायला वेळ कुणाकडे आहे? नवा पदार्थ म्हणजे आणखी भांडी, आणखी सरपण, बिघडला तर घरभर बोलणी. हौसेनं प्रयोग करणाऱ्या पुरुषामागे ओटा बाईच आवरते. हे सगळं खरं आहे, आणि याचं उत्तर 1905 सालीच एका बाईनं लिहून ठेवलं आहे. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही विज्ञानकथा मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली. त्या देशात पुरुष पडद्यात असतात, बाया राज्य आणि विद्यापीठं चालवतात, ढगांतून पाणी ओढून घेतात. आणि पाहुणीला त्या स्वयंपाकघर दाखवतात तेव्हा तिथे धूर नाही, धुराडं नाही, कोळसा नाही. सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजतं. पडद्यात वाढलेल्या, चुलीच्या धुरात आयाबहिणींना पाहिलेल्या बाईला ही कल्पना सुचली, कारण धूर तिच्या डोळ्यांत होता. शतकाहून अधिक काळानं, 2018 च्या सुमारास, आमच्या अमरावती जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यातल्या बांचा या आदिवासी गावात घराघरांत सौर विजेच्या शेगड्या बसल्या, मुंबईच्या आयआयटीत घडवलेल्या. ज्या बाईला वेळ नाही तिनंच ही कथा वाचायला हवी, कारण वेळ कुठे जातो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

म्हणून ग्रंथालयाच्या सभेत मी दोन मागण्या लेखी देणार आहे. पहिली, खरेदीच्या एक चतुर्थांश रकमेत विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि अन्नशास्त्राची पुस्तकं घ्यावीत, आणि ती निवडणाऱ्यांत निम्म्या बाया असाव्यात. दुसरी मागणी वेळेची. आमच्याकडची ग्रंथालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, म्हणजे नेमकी बाई चुलीपाशी असते तेव्हा. ती दुपारी दोन ते चार उघडावीत, आणि निंदणा-वेचणीच्या दिवसांत, दुपारही वावरात जाते तेव्हा, आठवडी बाजाराच्या दिवशी दिवसभर उघडी ठेवावीत. त्या दिवशी बाया गावातून नाहीतरी येतातच, पिशवी हातात असतेच.